जोगदंडबाईंचा हात

गुणांकन प्रयोगशाळेत जोगदंडबाईंना आधी खुर्ची मिळाली, मग चहा मिळाला, आणि मग डॉ. ओगल्यांनी त्यांना त्यांचाच हात दाखवला. काचेच्या कपाटात निळे दिवे लुकलुकत होते.

"ही परीक्षक-प्रतिकृती," ओगले म्हणाले. "हिला आम्ही एकही नियम शिकवला नाही. तुम्ही आयुष्यभर तपासलेले इंग्रजीचे पेपर फक्त वाचायला दिले. यंदा बारावीच्या इंग्रजीला हीच गुण देईल. म्हणजे तुम्हीच द्याल."

बाई काही सुखावल्या नाहीत. यंत्र अक्षर बघतं का, पानं मोजतं का, असं विचारून वर्गातल्या पोरांनी त्यांचं डोकं खाल्लं होतं. सगळ्यांत घाबरली होती दीपाली शिंपी. बाकीच्या विषयांत ती बरी, पण इंग्रजी म्हटलं की तिला घाम फुटायचा. पास झाली तर नर्सिंग; नाही तर आत्याने आणलेलं स्थळ घरात तयारच होतं.

"हिच्यात माझी एखादी वाईट खोडही उतरलीय का?" बाईंनी विचारलं.

ओगले जरा घुटमळले. "एक आहे. आम्ही तिला क्रमप्रभाव म्हणतो. उत्तम पेपर वाचला की पुढच्या पेपराला तुम्ही चार-पाच गुण कमी देता. वाईट वाचला की तेवढेच जास्त."

"मी? मुळीच नाही!"

ओगल्यांनी पडद्यावर आलेख लावला. बाई तो बघतच राहिल्या. दीपालीचा परीक्षेचा नंबर ऋचा शिंगाडेच्या लगेच मागे होता, आणि ऋचा वर्गात पहिली.

"काढून टाका ते."

"कणीक मळल्यावर त्यातलं मीठ वेगळं काढता येतं का, बाई?"

"मग पेपरांचा क्रम बदला."

"बदलला, तर ऋचामागे दुसरं कुणीतरी येईल."

दुसऱ्या दिवशी पोरांनी विचारलं आणि बाईंनी सगळं सांगून टाकलं. पोरांशी खोटं बोलणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. दीपाली बाकावर डोकं टेकून रडली. दोन वर्षं शाळा सुटल्यावर तिला इंग्रजी शिकवणारी ऋचा तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

परीक्षा झाली, निकाल लागला. इंग्रजीत दोघींनाही शून्य. शेरा होता, 'गैरप्रकार'.

ऋचा बाईंच्या घरी आली ती पांढरीफटक पडून. "बाई, मी मुद्दाम वाईट लिहिलं. मी कशीही पास झालेच असते, आणि दीपालीचे गुण वाढले असते."

"अगं, पण गैरप्रकार कसला?"

"वाईट लिहायचं म्हणजे नेमकं कसं, तेच मला सुचेना. मग दीपाली लिहिते तसं लिहिलं. शिकवून शिकवून तिच्या सगळ्या चुका मला पाठ आहेत."

बाई तडक प्रयोगशाळेत गेल्या. दीपालीही हट्टाने बरोबर आली आणि बाहेर बाकड्यावर बसली.

"फेरतपासणी करा," बाई म्हणाल्या.

"नियमाप्रमाणे तीही ही प्रतिकृतीच करणार."

"मी सांगते ना, पोरीने मैत्रिणीसाठी केलंय! नक्कल नाही ती."

"दुसरीचे गुण वाढावेत म्हणून पेपर बिघडवला, असं लिहून द्याल? त्यालाही गैरप्रकारच म्हणतील." ओगल्यांचा आवाज मऊ झाला. "या मुली तुम्ही ओळखत नाही असं समजा. हे बघा."

दोन्ही पेपर पडद्यावर शेजारीशेजारी आले. कवितेचा तसाच उलटा अर्थ. पत्रात पत्ता तसाच भलत्या जागी. निबंधात आजोबा दुसऱ्या परिच्छेदात वारतात आणि चौथ्यात बाजारात जातात, दोन्हीकडे. लागोपाठचे नंबर. बाईंची नजर सवयीने एका पेपरावरून दुसऱ्यावर जात राहिली आणि बोटं हातात नसलेलं लाल पेन चाचपू लागली. अशा जोड्या त्यांनी किती पकडल्या होत्या! आणि दर वेळी त्या रात्री त्यांना छान झोप लागली होती.

"काय दिलं असतं तुम्ही?"

"शून्य," बाई म्हणाल्या. "दोघींनाही." आणि परक्या माणसासमोर त्यांना रडू फुटलं.

त्या बाहेर आल्या तशी दीपाली उठून उभी राहिली. यंत्रावर तिचा कधीच भरवसा नव्हता.

"बाई, आता पेपर तुम्ही स्वतः बघितलात ना?" तिने विचारलं. "मग झाले ना मी पास?"