मागचं डावं चाक

आमच्या इमारतीच्या आवारात जॅक लावण्याइतकी सपाट जागा एकच, तीही नेमकी फाटकासमोर. म्हणून त्या रविवारी सकाळी माझी गाडी तिथे उभी होती – मागचं डावं चाक काढलेलं, आणि शेजारी सतरंजीवर मी.

"अहो... गाडी जरा हलवता का?"

मान वर केली. आधी चकचकीत बूट दिसले, मग पांढराशुभ्र शर्ट, मग एक गोंधळलेला चेहरा. महिन्यापूर्वी दुसऱ्या मजल्यावर राहायला आलेला घड्याळजी! जिन्यात माझ्याकडे बघून दोनदा हसला होता. मी काही मोजत नव्हते. पण दोनदाच.

"तीन चाकांवर हलवू?"

"तसं नाही... पण एक वाजता मला गावाबाहेर पोहोचायचंय. मावशीनं एका मुलीशी भेट ठरवलीये." त्याचे कान लाल झाले.

"अर्धा तास द्या. ब्रेकचे पॅड बदलतेय."

"मेकॅनिक कुठे गेलाय?"

"तुमच्यासमोर बसलाय."

घरी सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं, गॅरेजला टाक म्हणून. पण कुणाकडे काही मागायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. आई म्हणते, ही बुडत असली तरी 'वाचवा' म्हणायची नाही.

झिजलेले पॅड निघाले होते. नवे जाड असतात. ते मावायला पिस्टन आत ढकलावा लागतो. पुढच्या चाकांचे मी मागेच बदलले होते – शिकंजा लावला, पिळला, पिस्टन गुमान आत. हा मात्र ढिम्म! मी शिकंजा पिळतेय, घाम गाळतेय, पुटपुटतेय... आणि घड्याळजी बाजूला उभा राहून बघतोय.

"घड्याळ बघा ना तुमचं," मी वैतागून म्हटलं.

तो उकिडवा बसला. इतका जवळ, की त्याच्या साबणाचा वास आला. "जोर नका लावू. त्याच्या तोंडावर या दोन खाचा दिसतायत? उगाच कुणी खाचा पाडत नाही. याला फिरवायचं असणार."

"गाडीतलं कळतं तुम्हाला?"

"काडीचंही नाही. खाचांमधलं कळतं."

मी लांब नाकाची पक्कड खाचांत रोवली. दाबत दाबत फिरवली... आणि पिस्टन आत सरकला! आनंदाच्या भरात मी त्याचं मनगट धरलं. सोडलं तेव्हा पांढऱ्या बाहीवर माझी पाचही काळी बोटं.

"अरे देवा! आता त्या मुलीला काय सांगाल?"

"सांगेन, एका मुलीनं..." तो थांबला.

"एका मुलीनं काय?"

"ठरवतोय अजून."

पॅड बसले, चाक चढलं. मी त्याला गाडीत बसवून ब्रेक दाबायला लावला.

"अहो, पाय थेट तळाला गेला!"

"घाबरू नका, दाबत राहा. पिस्टन पुन्हा पॅडला टेकला की घट्ट लागेल."

सातव्या-आठव्यांदा लागला घट्ट. तो असा हसला की मला उगाच दुसरीकडे बघावं लागलं. मग मी गाडी बाजूला घेतली. जेमतेम सव्वाबारा वाजले होते. आरामात पोहोचला असता.

"उजवं चाक राहिलंय ना?" आपल्या गाडीचं दार उघडून तो रेंगाळला.

"हो, पण आता येतं मला."

"हो... येतं तुम्हाला."

गाडी सुरू झाली. आता हा जाणार, गप्पा मारणार, आणि ती मुलगी काही वाईट नसणारच. मी धावले. काचेवर टकटक केली.

"काय झालं?"

"मदत नकोय मला. ते चाक मी एकटी बदलू शकते."

"मग?"

जीभ टाळ्याला चिकटली. मी ती ओढून सोडवली. "तरी जाऊ नका... मला आवडता तुम्ही."

त्यानं इंजिन बंद केलं. माझ्यावरची नजर न हलवता फोन लावला. "मावशी, मी येत नाहीये... नाही, गाडी ठीक आहे. रस्ता? मोकळा आहे... कारण? समोर उभं आहे. नाकाला ग्रीस लागलंय तिच्या... महिनाभर जिन्यात बोलायला धजत नव्हतो, तीच ही."

फोनमधून बराच आरडाओरडा झाला. मग त्यानं तो माझ्या हातात दिला.

"ऐक गं," मावशी म्हणाली, "त्या लोकांची माफी मी मागते. संध्याकाळी दोघं इकडे या. पण आधी ते नाक पूस!"

मी त्याच्याकडे रुमाल मागितला. दिवसातलं हे माझं दुसरं मागणं. पहिल्यापेक्षा खूपच सोपं गेलं.