लिसांद्रोची हजेरी

तो दिवा जरा पलीकडे सरकवा, डोळ्यांवर येतोय. आणि मध्ये कुणी प्रश्न विचारायचे नाहीत. भुतं खरी की खोटी हा वाद उद्या सकाळी घाला, ऊन पडल्यावर. मी सांगतोय ते ओनेसिमो रेयेसवर गुदरलेलं आहे, आणि ओनेसिमो माझ्यासमोर बसून एकेक शब्द तोलून बोललेला आहे. थापा मारणारा माणूस स्वतःचा गुन्हा आधी सांगत नाही. याने गुन्हा आधी सांगितला. भूत नंतर.

सात नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळचे पावणेसात. सान पेद्रोत बेसबॉलचा सामना होता, त्यामुळे सगळं गाव स्टेडियमकडे लोटलेलं. नदीकडच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ओनेसिमोने मोटरसायकल लावली आणि गाव ज्याला मानाने ‘डॉन’ म्हणतं त्या इसाउरो पेगेरोच्या दारात उभा राहिला. काम साधं होतं. भिंतीवरची एक चौकट मागून न्यायची. चौकटीत एक कागद होता, एका मुलाचा जन्मदाखला.

ते घर तुम्ही बाहेरून पाहिलंय. पुढच्या तीन खोल्यांत डॉनचं बेसबॉलचं संग्रहालय. काचेच्या पेट्यांतून चेंडू, रांगेने बॅटी, फाटके हातमोजे, नावाच्या जर्सी. उद्घाटनाला कोण कोण आले होते! आपल्याच वर्तमानपत्राच्या धंद्यातल्या लोकांनी मोठा फोटो छापला आणि वर मथळा दिला, ‘गरीब पोरांचा देव’. किती बॅटी, किती चेंडू, सगळं बातमीत होतं. या देवाच्या बेसबॉलच्या तालमीत किती पोरं आली आणि किती घरी परत गेली, हे एकानेही विचारलं नाही. लाज वाटायला हवी होती.

आता कागदाचं सांगतो. उत्तरेकडच्या, अमेरिकेतल्या क्लबांना पोरगा सोळाचा लागतो. एकोणीसचा झाला की म्हातारा. बैलाचे दात बघावेत तसं वय बघतात. बत्तीस वर्षांपूर्वी ओनेसिमो एकोणीसचा होता, आणि त्याच्याइतका वेगाने चेंडू टाकणारा हात पंचक्रोशीत नव्हता. त्याच तालमीत लिसांद्रो सेवेरिनो नावाचा सोळा वर्षांचा मुलगा मेला. डॉनने त्याला रात्रीत उसाच्या मळ्यामागच्या दफनभूमीत पुरलं, क्रूसावर नाव घातलं नाही, मरणाची नोंद केली नाही, आणि त्याचा जन्मदाखला ओनेसिमोच्या हातात ठेवला. त्या दिवसापासून ओनेसिमो झाला लिसांद्रो. त्या नावाने सात वर्षं खेळला. लग्न त्याच नावाने. दोन पोरी, दोघी सेवेरिनो. आणि खरा लिसांद्रो बिननावाच्या क्रूसाखाली. कागदावर मात्र ठणठणीत जिवंत.

आदल्या आठवड्यात सोमवारी लिसांद्रोची आई, डोन्या क्लोतिल्दे, वारली. जाण्यापूर्वी तिने ओनेसिमोला बोलावून घेतलं होतं. “माझ्या पोराचं नाव वापरलंस,” म्हणाली, “वापरून झालं. आता परत दे. माझ्या नवव्या रात्रीला माझ्याबरोबर त्याचंही नाव घ्यायला लाव.”

पण मयतासाठी नऊ रात्री प्रार्थना चालते, ती म्हणणारी बाई अडून बसली. “कागदावर जिवंत असलेल्याचं नाव मी मेलेल्यांत घेणार नाही. असं घेतलं तर तो धड इकडचा राहत नाही, धड तिकडचा.” म्हणजे आधी मरणाची नोंद हवी. नोंदणी कचेरीत अस्सल दाखला मागतात. तो ओनेसिमोचं खेळणं संपल्यावर डॉनने परत घेऊन भिंतीवर लावलेला. आणि नववी रात्र उद्या, बुधवारी.

“अरे लिसांद्रो!” डॉनने दार उघडलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, पण खांदे अजून बैलाचे. आत रेडिओवर सामना चाललेला. “सामना सोडून म्हाताऱ्याची आठवण झाली?”

“डॉन, मला लिसांद्रो म्हणू नका.”

“मग काय म्हणू? तुझ्या पोरी काय नाव लावतात ते आधी विचार त्यांना.”

“क्लोतिल्दे गेली.”

“कळलं. प्रार्थनेला येणाऱ्यांसाठी बिस्किटं पाठवलीत मी. चीजसुद्धा.”

“तो कागद द्या. पाया पडतो.”

डॉन हसला. मधल्या खोलीत सेवेरिनो नावाची जर्सी होती, तिच्याशेजारी ती चौकट. “तो कागद काढला तर ही जर्सी म्हणजे फरशी पुसायचं फडकं. लोक काय बघायला येतात? आणि तू कचेरीत जाऊन सांगणार काय?”

“पोरगा कसा मेला ते.”

“सांग की! चेंडू कुणाच्या हातून सुटला तेही सांग. माझ्या का?”

ओनेसिमोने खोलीच्या कोपऱ्याकडे पाहिलं.

तिथे एक खांब उभा होता. तालमीतून कापून आणलेला, पॉलिश केलेला, खाली पितळी पाटी : ‘येथे मुलांची भीती काढली जाई’. खोटं नव्हतं ते. लिसांद्रोची नजर चांगली, बॅट चपळ, पण चेंडू अंगावर आला की डोळे मिटायचा. डॉनने एका संध्याकाळी त्याला त्या खांबाला बांधला. अठरा पावलांवर ओनेसिमोला उभा केला. “नऊ चेंडू टाक. अंगाला घासून गेले पाहिजेत.” आठ घासून गेले. पोरगा ओरडत होता, आईला हाका मारत होता. नववा कानामागे बसला. नारळ फुटावा तसा आवाज झाला.

पोराचे डोळे उघडे राहिले.

डॉन जवळ गेला, बघितलं, आणि बाकीच्या पोरांकडे वळून म्हणाला, “बघा, गेली भीती.”

हे शब्द ओनेसिमोने माझ्यासमोर तीनदा सांगितले.

“चेंडू माझ्याच हातून सुटला,” ओनेसिमो म्हणाला. “तेही सांगेन. मला काय व्हायचं ते होवो.” आणि त्याने चौकटीला हात घातला.

डॉनने रांगेतली एक बॅट उचलली आणि सगळी ताकद लावून त्याच्या गुडघ्यावर हाणली.

हाड मोडल्याचा आवाज ओनेसिमोने आधी ऐकला, कळ मागून आली. तो कोलमडला तो खांबाशीच, पाठ लाकडाला टेकली. दुसरा फटका खांद्यावर. तिसरा बरगड्यांत. तोंडात रक्त आलं. “हरामखोर! उसाच्या चिखलातून वर काढला तुला, नाव दिलं, घर दिलं! आणि मला फाशी द्यायला निघालास?” डॉनने बॅट डोक्यावर नेली.

दिवे गेले.

सात वाजून बावीस मिनिटं. रेडिओ बंद पडला. बाहेर स्टेडियमचा गलका चालला होता, तोही कापल्यासारखा थांबला. वीज जाणं काही नवलाचं नाही. पण वीज गेली की माणसं जास्तच ओरडतात, शिव्या घालतात. त्या रात्री गावातून एकसुद्धा शिवी ऐकू आली नाही.

“हलू नकोस,” डॉन धापा टाकत म्हणाला. “दिवे आले की बघतो तुला.”

आणि मग हजेरी सुरू झाली.

तालमीत रोज संध्याकाळी डॉन हजेरी घ्यायचा. तोच आवाज. तोच तरणा, जाडा, चढा आवाज. बाहेरच्या खोलीतून येत होता. ओनेसिमोला वाटलं, डॉनच बोलतोय. पण डॉनचा श्वास त्याच्यापासून हातभर अंतरावर ऐकू येत होता... आणि डॉनचं तोंड बंद होतं.

“मोदेस्तो गील?”

“हजर,” एका पेटीतून पोराचा आवाज आला.

“कोण आहे रे तिकडे?” डॉन ओरडला.

“तेओफिलो बाएस?”

“हजर.” जर्सींच्या मागून.

“कोण आहे? गोळी घालीन!”

नावं चालत राहिली. कोपऱ्याकोपऱ्यातून हजर, हजर. सगळी पोरसवदा. काही तर आवाजही न फुटलेली.

“ओनेसिमो रेयेस?”

...कुणीच बोललं नाही. ओनेसिमोसुद्धा. बत्तीस वर्षांत त्या नावाने त्याला कुणी हाक मारलीच नव्हती. नाव ओळखीचं वाटलं, एवढंच.

“लिसांद्रो सेवेरिनो?”

“हजर.”

तोंडातून निघून गेलं. सवयच ती. विमानतळावर, दवाखान्यात, लग्नात, पोरींच्या शाळेत, त्या नावाला त्याने हजर म्हटलं होतं. इथेही म्हटलं.

आणि शब्द सुटल्याबरोबर त्याचे हात मागे ओढले गेले.

दोर दिसत नव्हता. पण मनगटांवर आवळला. छातीवर आवळला. पाठ खांबाला घट्ट. अंगाला झटका द्यायचीही सोय उरली नाही. नाव घेतलं होतं ना त्याने? मग जागाही त्याचीच.

अंधारात, बाहेरच्या खोलीच्या टोकाला, कुणीतरी पाय घासले. माती उकरावी तसे.

पहिला चेंडू कानाला चाटून गेला. वाऱ्याने गाल थंड पडला.

दुसरा मानेजवळून.

तिसरा त्याच मोडक्या बरगड्यांना घासून गेला. तो किंचाळला.

“डॉन! सोडवा! डॉन...”

डॉन भिंतीला चिकटून रांगत दाराकडे निघाला होता. त्याच्या नखांचा आवाज येत होता.

चौथा. पाचवा. भुवई फाटली. डोळ्यात रक्त.

सहावा.

सातवा. ओनेसिमोने डोळे मिटले. तेव्हा त्याला कळलं, पोरगा डोळे का मिटायचा.

आठवा केसांतून गेला.

मग थांबलं. पाय पुन्हा घासले. सावकाश.

आता तो कानामागे येणार हे त्याला ठाऊक होतं. त्यानेच तर टाकला होता.

“मी लिसांद्रो नाही,” तो म्हणाला. पुन्हा म्हणाला. “मी ओनेसिमो. ओनेसिमो रेयेस. नववा चेंडू मी टाकला. लिसांद्रो... तू मेलास, पोरा. मी मारलं तुला.”

नववा आला नाही.



मनगटं सुटली. तो तोंडावर पडला.

मग तोच आवाज. तसाच चढा.

“इसाउरो पेगेरो?”

डॉन दारापाशी पोचला होता. त्याने तोंडावर हात दाबल्याचा आवाज आला. एक हात. मग दुसरा.

“इसाउरो पेगेरो?”

...

बोटांच्या फटीतून, डॉनच्याच गळ्यातून, बारीक आवाज आला. पोराचा.

“हजर.”

चेंडू आला तो ओनेसिमोला दिसला नाही. फक्त ऐकू आला.

नारळ फुटावा तसा.

आठ वाजून वीस मिनिटांनी दिवे आले. रेडिओ सामना सांगू लागला, मध्ये काही झालंच नाही असा. एकही काच फुटली नव्हती. चेंडू आपापल्या पेट्यांत, धुळीसकट. डॉन इसाउरो उंबऱ्यावर पालथा पडला होता, दोन्ही हात तोंडावर, कानामागे कवटी आत गेलेली. त्या खड्ड्याभोवतीच्या कातडीवर टाके उमटले होते, चेंडूच्या शिवणीचे, एकाआड एक, लाल. पोलीस ओनेसिमोनेच बोलावले. डॉक्टरने लिहिलं, ‘अंधारात पडून डोक्यास मार’. टाक्यांबद्दल एक अक्षर नाही. ‘गरीब पोरांच्या देवा’च्या अंत्ययात्रेला पुन्हा तीच माणसं आली, फोटो पुन्हा छापून आला.

बुधवारी रात्री लिसांद्रोचं नाव प्रार्थनेत घेतलं गेलं. आता ते क्रूसावरही आहे. ओनेसिमोच्या पोरी त्याच्याशी चार महिने बोलल्या नाहीत, पण एकदा त्याच्याबरोबर तिकडे जाऊन फुलं ठेवून आल्या.

फक्त मरणाची नोंद ओनेसिमोने केली नाही. करावी लागली नाही.

बुधवारी सकाळी सव्वाआठला, पायाला फळ्या बांधून, दाखला छातीशी धरून तो कचेरीत पोचला. खिडकीतल्या बाईने नाव ऐकलं, वही काढली, पानं उलटली.

“ही नोंद झालीये की, साहेब.”

“कधी?”

“काल.” ती थांबली. वाकून पुन्हा वाचलं. “काल रात्री आठ वाजून पाच मिनिटांनी... पण आम्ही तर चारला कुलूप लावतो.”

“कुणी केली?”

तिने वही फिरवून त्याच्यासमोर ठेवली आणि खुर्ची मागे घेतली.

अक्षरं सुटी सुटी होती, शाळेतल्या पोराची. शाई वाळलेली. मयताचं नाव : लिसांद्रो सेवेरिनो. वय : सोळा. तारीख बत्तीस वर्षांपूर्वीची, अगदी बरोबर. खाली खबर देणाऱ्याची सही होती, तेच नाव, तेच अक्षर.

आणि त्याच्यापुढे एक रकाना असतो : मयताशी नातं.

तिथे लिहिलं होतं, ‘स्वतः’.