सकाळी सातचा परवाना

हावळ वाइन्सचं शटर सकाळी दहाऐवजी सातला उघडू द्यावं, या अर्जाची सुनावणी होती आणि अर्जाला सगळ्यात मोठा पाठिंबा बायकांचा होता. दहा वर्षांपूर्वी असं कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी त्यालाच प्यायलेला ठरवलं असतं. याच बायकांनी तेव्हा 'आडवी बाटली'साठी मतदान मागून दुकान बंद पाडायचा घाट घातला होता. आज त्याच बायका यंत्रमाग कामगारांच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसून दुकान लवकर उघडायची वाट बघत होत्या.

ही किमया 'उतारा' नावाच्या गोळीची. तिच्यातली विकरं वीस मिनिटांत रक्तातला मद्यार्क पार मोडून टाकत. मनगटावरची मापकपट्टी घामावरून नशा मोजायची. लाल आकडा उतरत उतरत हिरव्या शून्यावर यायचा. सरकारनं नियम केला, की जे दुकान गिऱ्हाइकाला तिथंच बसवून प्यायला देईल, वर गोळी देईल आणि शून्य आल्याशिवाय घरी सोडणार नाही, त्यालाच वाढीव वेळ मिळेल. अट एकच, वॉर्डातल्या निम्म्याहून जास्त बायकांची संमती हवी. सातला तिसरी पाळी सुटते. कामगार दहापर्यंत कुठंतरी चोरून पितो आणि झिंगत घरी जातो, त्यापेक्षा हे बरं, असा हिशेब होता. कागदावर सगळेच हिशेब बरोबर येतात.

एकशे चौदा बायकांचे अंगठे रूपाली चौगुलेनं संमतीच्या यादीवर गोळा केले होते. मागाला लागणाऱ्या कांड्या भरून झाल्या की ती दारोदार फिरायची. तिचा नवरा सुहास तिसऱ्या पाळीचा. घरी यायचा तो वास घेऊनच यायचा आणि मग काय हाताला लागेल त्यानं मारायचा. रूपाली मुलीला जवळ घेऊन सांगायची, "तुजं पप्पा तसं न्हाईत गं. ती दारू हाय." यावर तिचा देवाइतका विश्वास होता. त्या विश्वासावरच तिनं अठरा वर्षं काढली होती. गोळी आली, तेव्हा तिला वाटलं, चला, आता आपला नवरा आपल्याला परत मिळणार.

उत्पादन शुल्क खात्याच्या निरीक्षक बिडकरमॅडम म्हणाल्या, "आधी प्रयोग दाखवा."

दुकानाचे मालक उदयराव हावळांनी सगळ्यात जुनं गिऱ्हाईक पुढं आणलं. ते गिऱ्हाईक म्हणजे सुहासच. त्यानं सगळ्यांसमोर क्वार्टर संपवली. मनगटावर लाल आकडा चढला, पाय लटपटायला लागले.

"माजी रूपाली म्हंजे लक्ष्मी हाय," तो हात पसरून म्हणाला. बायका हसल्या.

मागून कुणीतरी विचारलं, "वैनी, चढली का वं?"

"एवड्यानं काय हुतंय त्यास्नी," रूपाली म्हणाली. हॉल खदखदला. सुहासही पोट धरून हसला. एवढं मोकळं हसताना तिनं त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग त्यानं गोळी गिळली. वीस मिनिटं सगळे पट्टीकडं डोळे लावून बसले. आकडा उतरला, हिरवं शून्य लागलं. सुहास उठला, फरशीवरच्या रेघेवरून सरळ चालून दाखवलं आणि मॅडमना नमस्कार केला. टाळ्या पडल्या. रूपालीच्या डोळ्यांत पाणी आलं.

तो येऊन तिच्या शेजारी बसला. यादी धरलेला तिचा हात त्यानं पदराखाली ओढला, करंगळी मुठीत घेतली आणि हळूहळू मागं वाकवायला सुरुवात केली.

"चार माणसांत हसतीस व्हय मला?" तो शांतपणे म्हणाला. "चल घरला. दावतो."

तोंडाला वास नव्हता. डोळे स्वच्छ होते. मनगटावर शून्य हिरवंगार जळत होतं. बोट दुखत होतं, पण रूपालीला त्याचं भान नव्हतं. आतून कुणीतरी तिचं घरच काढून नेल्यासारखं वाटलं तिला.

मॅडमनी यादी मागितली. हात सोडवून ती टेबलापाशी गेली, पण यादी दिली नाही.

"मॅडम, यंत्र बिगडलंय. परत बगा की," ती म्हणाली.

मॅडमनी सुहासला बोलावून दुसरी पट्टी बांधली. शून्य. तिसरी बांधली. शून्य.

"थोडी तरी आसंल," रूपाली गयावया करत म्हणाली. "अगदी थोडी. नीट बगा."

"एक थेंबही नाही, बाई. ते पूर्ण शुद्धीवर आहेत. तुम्हाला तर आनंद व्हायला हवा." मॅडमनी हरकतीचा फॉर्म पुढं केला. "काही तक्रार असेल तर लिहा. पण नशा असल्याचा पुरावा जोडावा लागतो."

उदयराव घड्याळ बघत होते. सुहास दाराशी चपला घालून तिची वाट बघत उभा होता. मागं एकशे चौदा बायका आपल्या घरांकडं निघायच्या तयारीत होत्या. त्यांना अंगठे द्यायला तिनंच लावलं होतं.

रूपाली वाकली आणि मॅडमनाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "मॅडम, ती दारू न्हवतीच, तर अठरा वर्सं मी माफ केलं ते कुणाला?"