वादळरावाचा चेहरा

वादळनगरी या करमणूक बागेच्या फाटकावर सकाळपासून दोन तट पडले होते. एकीकडे 'नवा वादळराव आणा!' म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडणारी पोरं, आणि दुसरीकडे 'चेहरा बदलाल तर याद राखा!' असे फलक नाचवणारे त्यांचेच आईबाप. मधोमध सत्तरीच्या सायलीबाई शिंत्रे भाजलेले शेंगदाणे तोंडात टाकत दोन्ही बाजूंना हात हलवत होत्या. त्यांना भलतीच मजा येत होती. अख्ख्या कोल्हापूरचा निकाल आज त्यांच्या घरावर अडला होता, आणि असा मान काही रोज मिळत नाही.

'वादळराव' हा अंतराळपट ज्यांनी गाजवला ते विलास शिंत्रे म्हणजे सायलीबाईंचे यजमान. चार भाग करून विलासराव अचानक गेले, तेव्हा त्यांची मुलगी केतकी जेमतेम सात वर्षांची होती. इतक्या वर्षांनी निर्मात्यांनी ती मालिका पहिल्यापासून नव्यानं काढली होती. आता वादळराव होता ईशान बर्वे: उंच, देखणा, हसला की गालाला खळी. पडद्यावर माणूस बदलला, मग वादळनगरीतल्या 'आठवणझुल्या'वरही बदलायचा का? करार असा होता की विलासरावांचा चेहरा काढायचा तर मायलेकी दोघींचा होकार हवा.

सायलीबाई एका पायावर तयार होत्या. केतकी मात्र हटून बसली होती.

"अगं, नव्या पोरास्नी नवा वादळराव नको व्हय?" सायलीबाई म्हणाल्या. "तुझे बाबा असते तर त्यांनीच त्या ईशानच्या पाठीवर थाप मारली असती."

"आई, माझ्या बाबांचा चेहरा कुणी बदलायचा नाही." वर्षभर केतकीचं हेच पालुपद चाललं होतं.

तिचंही चुकत नव्हतं. बाबांची म्हणावी अशी तिच्याकडे एकच आठवण होती. ती आईबरोबर सेटवर गेली होती. तोफांचे आवाज ऐकून रडू लागली, तेव्हा अंतराळपोशाखातल्या बाबांनी शिरस्त्राणाची काच वर केली, खिशातून मूठभर शेंगदाणे काढून तिच्या ओंजळीत घातले आणि म्हणाले, "घाबरायचं न्हाई गड्या, आभाळ आपलंच हाय!" बाकीचे बाबा तिला सिनेमातूनच मिळाले होते. लहानपणी ती रोज जेवताना तो सिनेमा बघायची. बापाशिवाय वाढलेल्या पोरीनं दुसरं काय करायचं?

तेवढ्यात झुला बनवणाऱ्या डॉक्टर मैथिली उपळेकर जवळजवळ धावतच आल्या. मेंदूवर पंचवीस वर्षं काम केलेली ही बाई झुल्याचा विषय निघाला की शाळकरी पोरीसारखी खुलायची.

"आजी, आपल्या झुल्यात पडदा नाही की चष्मा नाही," त्या सांगू लागल्या. "तुमच्या डोक्यात सिनेमाची आठवण असतेच. झुला ती जागी करतो आणि तुम्हाला तिच्या आत नेऊन बसवतो. म्हणून तर लोकांना वाटतं, आपण खरोखर वादळरावाच्या यानात बसून आलो!"

"आनि मग चेहरा कसा बदलनार? आठवण तर जुनीच की."

"तीच तर गंमत आहे! आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. आठवली की ती काही काळ ओली होते आणि मग पुन्हा वाळते. त्या मधल्या वेळाला आम्ही 'ओलवेळ' म्हणतो. ओलवेळेत जे दिसेल, ऐकू येईल, ते आठवणीत मुरून जातं."

"म्हंजे पापडावानी. वला हाय तवर हवा तसा लाटायचा."

"अगदी बरोबर! आणि आपण आधी कसे होतो, हे वाळलेल्या पापडाला थोडंच कळतं?" डॉक्टर खळखळून हसल्या. सायलीबाईही हसल्या.

"पण लोकांना चालेल का?" केतकीनं विचारलं.

"केतकीताई, चाचणीला बसलेल्या प्रत्येकाला आम्ही विचारलं, काय बदल वाटला? एकूण एक माणूस म्हणाला, काहीच बदललेलं नाही! त्यात तुमच्यासारखे जुने चाहतेही होते. आमच्या दृष्टीनं याहून मोठं यश नाही."

केतकी विचारात पडली. सायलीबाईंनी तिला कोपरानं ढोसलं. "न्हाई म्हणायचं तर बघून म्हण की. जा, त्या चाचणीच्या नव्या झुल्यात बस."

पाळणा वर उचलला गेला तशी खालची गर्दी भांडण विसरून मोठ्यानं आकडे मोजू लागली. झुला घुमला, निळा उजेड फिरला, आणि वरून केतकीची आरोळी आली, "बाबा!" इतक्या आनंदानं तिनं ती हाक यापूर्वी कधी मारली होती, ते सायलीबाईंना आठवेना. त्यांचे डोळे भरून आले. बरं झालं, पोरीला बसवलं, असं त्यांना वाटलं.

खाली उतरल्यावर केतकी धावत आली ती आईच्या गळ्यातच पडली.

"आई, काहीच बदललेलं नाही गं! वर्षभर उगाच भांडले मी. तेच यान, तेच हसू, ते शेंगदाणेसुद्धा!"

सायलीबाईंचा हात तिच्या पाठीवर थांबला. शेंगदाणे सिनेमात नव्हते. ते एकट्या केतकीचे होते.

"शेंगदाणं कुणी दिलं गं तुला?"

"बाबांनी! गालाला खळी पडली बघ त्यांच्या."

विलासरावांच्या गालाला खळी नव्हती. सायलीबाईंनी घाईघाईनं मोबाइल काढला आणि नवऱ्याचा फोटो तिच्यासमोर धरला. तो गोल चेहरा, ती जाड मिशी. केतकीनं निरखून पाहिलं.

"भला माणूस दिसतो. कोण गं हे? नात्यातले?"

सायलीबाईंनी डॉक्टरांकडे वळून पाहिलं. डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला होता.

"आम्ही फक्त सिनेमा ओला केला होता," त्या पुटपुटल्या. "पण चेहरा एकच ना, वादळरावाचा आणि वडिलांचा. एक आठवण भिजली, तशा तिला चिकटलेल्या सगळ्याच भिजल्या." मग एकदम त्यांनी सायलीबाईंचा दंड धरला. "आजी, ओलवेळ अजून संपलेली नाही! विलासरावांच्या चेहऱ्याचा जुना झुला शेजारीच आहे. आत्ताच्या आत्ता बसवलं तर जुना चेहरा परत येईल. पण वाळायच्या आत!"

"चल, केतकी, चल!" सायलीबाईंनी तिचा हात धरून ओढलं. ह्या वयात आपण इतकं पळू शकतो हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. जुन्या झुल्याचा दरवाजा उघडाच होता.

पायरीशी केतकी थबकली. "पण कशाला?"

"कशाला म्हंजे? ह्यो फोटोतला मानूस तुझा बाप हाय, बाळा! त्याचा चेहरा परत घालायचाय तुझ्या डोक्यात. बस लवकर, पाया पडतो तुझ्या!"

केतकीनं फोटोकडे पाहिलं. मग मान वर करून फाटकावरच्या भल्यामोठ्या पोस्टरमधल्या ईशान बर्वेकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत माया दाटून आली, अगदी पूर्वी सिनेमा बघताना यायची तशीच. तिनं हळूच, पण ठामपणे आपला हात सोडवून घेतला.

"आई, वर्षभर मी भांडले ते कशासाठी?" ती म्हणाली. "माझ्या बाबांचा चेहरा कुणी बदलायचा नाही."