सिरोची तार

चिलीतल्या वाल्पाराइसोच्या टेकडीवर समुद्राचं धुकं इतकं दाटलं होतं की दुकानाचं दार मी चाचपडतच शोधलं. आत शिरले आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारलं, "कुणी आहे का?"

भिंतीवरची एक गिटार हुंकारली... तिला कुणी हातही लावला नव्हता!

"शू! हळू बोला," कोपऱ्यातून कुणीतरी कुजबुजलं. केसांत लाकडाचा भुसा, डोळे शांत. हा अन्सेल्मो, आमच्या रॉक बँडच्या गिटारी बनवणारा. "इथं मोठ्यानं बोललं की त्या उत्तर देतात."

"बरंय की! उत्तर न देणाऱ्या माणसांपेक्षा बऱ्या."

तो हसला... आणि माझ्या काळजाचा उगाचच ठोका चुकला.

मी मिलाराय, बँडची नवी गायिका. आमचं गाणं ऐकताना लोकांच्या अंगावर काटा यायचा, गाणाऱ्याच्या मागे आणखी कुणी उभं असल्यासारखं वाटायचं. ती सगळी करामत अन्सेल्मोची. वाजवायच्या सहा तारांखाली तो तरफेच्या तारा लपवायचा. त्यांना बोट लागत नाही. आपला सूर कानी पडला की त्या आपणहून झणकारतात. गायिका बदलली की तो त्या नव्या गळ्याला जुळवायचा. म्हणून मी रोज दुपारी तिथं जाऊन गायचे. तो डोळे मिटून ऐकायचा, आणि मी त्याला खुशाल बघत बसायचे.

त्या हुंकारणाऱ्या गिटारीच्या साऱ्या तारा जुळल्या, एक सोडून. माझ्या शेवटच्या सुरापेक्षा ती किंचित उतरलेली होती. ती तार आणि माझा सूर भांडायचे आणि गाणं थरथरायचं. शनिवारी कार्यक्रम होता. जमलं नाही तर बँड दुसरी गायिका बघणार होता.

"चढव ना ही तार," मी म्हटलं.

"नाही. ही माझ्या भावानं लावलीय. सिरोनं. स्वतःच्या आवाजाला." सिरो समुद्रावर गेला होता, तो परतलाच नव्हता. "कधीकधी ती आपोआप वाजते, मिलाराय. मी मोठ्यानं बोललो तर त्याचं बोलणं ऐकूच येणार नाही... म्हणून कुजबुजतो."

माझ्या पाठीतून गार शिरशिरी गेली. तरी तोऱ्यात म्हटलं, "मग काय मी खाली उतरून गाऊ? मी कुणासाठी सूर उतरवत नाही हं!"

शुक्रवारी गेले तर त्याचा हात सिरोच्या तारेच्या खुंटीवर होता. चेहरा पांढराफटक.

"चढवतो ही, तुझ्या सुराला," तो कुजबुजला. "बँडनं तुला काढलं तर तू इथं येणार नाहीस. ते मला नाही सोसायचं."

"थांब... हेच मोठ्यानं म्हण."

"वेडी आहेस का?"

"सिरोचा सूर जाणारच आहे ना? मग भितोस कुणाला?"

त्यानं श्वास घेतला. त्याचा खरा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "मिलाराय, माझं प्रेम आहे तुझ्यावर!"

सिरोची तार झणकारली. खोल, भरून. दोघा भावांचा आवाज एकच होता, आणि हा वेडा इतके दिवस तो दाबून बसला होता. त्याचे डोळे वाहू लागले. मी त्याचा हात खुंटीवरून काढून हातात घेतला.

"राहू दे ती. उद्या मी जरा खाली गाईन."

"पण तू तर कुणासाठी—"

"तू काय 'कुणी' आहेस होय रे?"

मग आम्ही दोघंही गप्प बसलो. बाहेर धुक्यात काहीच दिसत नव्हतं, काही हलतही नव्हतं. आणि तार पुन्हा वाजली.

मी त्याला घट्ट बिलगले. "आता... आता तर कुणीच बोललं नाही!"

"त्याला तू पसंत आहेस," अन्सेल्मो म्हणाला. चांगला मोठ्यानं.