दीड न वाजलेली रात्र

तो दिवा मालवा आधी. वेद, फोनही उलटा ठेव. कोजागिरी म्हणून मसाला दूध पिऊन जागायला बसलात ना सगळे? मग जागरणाचीच गोष्ट ऐका. ही मी कुठे वाचलेली नाही. माणूस माझ्या ओळखीचा आहे आणि घडलं तेही याच वर्षी, मार्चमध्ये, इथून, लंडनच्या हॅरोहून, गाडीनं दोन तासांवर. फक्त शेवट झाल्यावर मला 'विष्णूकाका, पण असं कसं?' असं विचारायचं नाही. मला माहीत असतं तर मी इतक्या लोकांना सांगत सुटलो नसतो.

साउथहॅम्प्टनला माझा मित्र होता, डॉक्टर ज्ञानेश्वर. जन्मभर हॉस्पिटलात काढला आणि उरलेला वेळ एका बोटीत. जुनी लाकडी शिडाची बोट, एकोणीस फुटांची. नाव 'जाई'. घरात चौथं माणूस असावं तसं त्या बोटीचं सगळं चाले. तो, सुनीतीवहिनी आणि मुलगा यतीन दर उन्हाळ्यात तिच्यातून फिरायचे. मीही एकदा गेलो होतो. समोरचं आईल ऑफ वाइट बेट दिसायच्या आत सकाळचे पोहे समुद्राला अर्पण केले. असो.

ज्ञानेश्वर बारा वर्षांपूर्वी गेला, त्या बोटीतच. त्यानंतर 'जाई' एका शेडमध्ये कुजत पडली. मग दोन वर्षांपूर्वी यतीनच्या डोक्यात आलं की ती पुन्हा पाण्यात घालायची. आता तो पन्नाशीचा आहे, इथेच जन्मलेला, मराठी जरा वाकडंतिकडं बोलणारा. दोन वर्षं त्यानं एकही शनिवार-रविवार सोडला नाही. फळ्या बदलल्या, फटी बुजवल्या, सगळं खरवडून नवं व्हार्निश केलं. का, तर सुनीतीवहिनी आता ब्याऐंशीच्या आहेत. एकदा म्हणाल्या, "मला मरायच्या आधी तिच्यात एकदा बसायचंय." झालं. पोरानं ते मनावर घेतलं.

तर शनिवार, २९ मार्च. सकाळी यतीन नारळ आणायला बाहेर पडला. बोट पाण्यात घालताना नारळ वाढवायचा हा ज्ञानेश्वरचा नेम. देशी दुकानातून त्यानं नारळ आणला तो चांगला तासून गुळगुळीत केलेला.

"याची शेंडी कुठाय?" वहिनींनी विचारलं.

"आई, त्याच्याकडे असाच होता."

"आणि आज ग्रहण आहे. बारापर्यंत. सुटल्याशिवाय बोट पाण्यात घालायची नाही."

"पार्शल आहे गं. आणि क्रेनची स्लॉट पण साडेबाराचीच आहे."

"मग ठीक. उद्या पाडवा. उद्या सकाळी नऊला मी येते आणि बसते."

साडेबाराला भरती होती. बोटींच्या यार्डातल्या क्रेननं 'जाई'ला अलगद गावातल्या इचन नदीत ठेवलं. बिनशेंडीचा का होईना, नारळ फुटला. यार्डवाला म्हातारा इंग्रज होता. तो यतीनला म्हणाला, "आजची रात्र हिला एकटं सोडू नकोस."

यात भुताखेताचं काही नाही बरं. लाकडी बोट कोरड्यात राहिली की फळ्या आकसतात, त्यांच्यात बारीक फटी पडतात. पाण्यात घातली की पाणी झिरपायला लागतं. हळूहळू लाकूड फुगतं, फटी मिटतात, बोट कोरडी होते. पण त्याला एक रात्र लागते. त्या रात्री कोणीतरी जागं राहून तासातासाला हातपंपानं तळातलं पाणी उपसावंच लागतं. नाहीतर सकाळी शिडाची काठी तेवढी वर दिसते. काय म्हणालीस, दिया? आपोआप चालणारा पंप? असतो. पण ज्ञानेश्वरला तो नको असायचा आणि यतीनलाही नको होता. बाबा करायचे तसंच करायचं.

बाबा कसे करायचे? दर तासाला पंप मारायचा. मारताना मराठीत मोजायचं. मग बाकाखालच्या कप्प्याचं लाकडी झाकण उचलायचं आणि त्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहायचं: किती वाजता, किती वेळा. देवनागरी आकड्यांत. नऊला बासष्ट, दहाला पंचावन्न. आकडे उतरत गेले की समजायचं, बोट पाणी बाहेर ठेवायला शिकली.

आता मधली गोष्ट सांगतो. ही यतीननं मला स्वतः सांगितली. त्याआधी बारा वर्षं कोणाला सांगितली नव्हती.

२०१३ सालीही मार्चचा शेवटचा शनिवार होता. बोट पाण्यात घातली. ज्ञानेश्वर तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा, छातीचं दुखणं होतं, तरी ऐकेना. शेवटी ठरलं की पहिली पाळी बाबांची आणि रात्री दोनला यतीन येऊन त्यांना मोकळं करणार. पण या देशात नेमक्या त्या रात्री, उन्हाळ्याच्या वेळेसाठी, घड्याळं एक तास पुढे करतात. ज्ञानेश्वर कामाचा नेटका माणूस, त्यानं संध्याकाळीच आपलं घड्याळ पुढे करून ठेवलं. यतीनच्या उशाशी जुनं गजराचं घड्याळ होतं. ते पुढे करायचं तो विसरला. आपल्या हिशेबानं तो अगदी वेळेवर, दोनला पोचला. बाबांच्या घड्याळात तीन वाजले होते.

ज्ञानेश्वर पंपाशेजारी बाकावर बसला होता. डोकं छातीवर. गेलेला.

यतीननं झाकण उचलून पाहिलं. नऊ, दहा, अकरा, बारा, एक. आणि त्याखाली आणखी एक ओळ.

२ — ३६.

म्हणजे दोनला बाबा जिवंत होते. दोनला यतीन यायचा होता. दोननंतर ते तिथे बसून राहिले असणार आणि मग कधीतरी...

त्यानं काय करावं? अंगठ्याला थुंकी लावली आणि तेवढीच ओळ पुसून टाकली. मग फोन केला. सगळ्यांना सांगितलं, मी दोनला पोचलो तेव्हा सगळं संपलेलं होतं. वहिनी आजपर्यंत येईल त्याला सांगत आल्या, "माझा यतीन वेळेवर गेला होता हो. पण यांनीच घाई केली." हे ऐकताना त्या मुलाला काय होत असेल, याची कल्पना करा. यंदा बोट दुरुस्त करताना बाकीची कामं यार्डवाल्यांनी केली असती तरी चाललं असतं, पण ते झाकण यतीननं कोणाला हात लावू दिलं नाही. स्वतः घासलं. आतून-बाहेरून, लाकूड पांढरं पडेपर्यंत. वर व्हार्निशचे सहा हात दिले. एकही आकडा उरला नाही.

तर पुन्हा २९ मार्च. अमावास्येची रात्र. यार्ड बंद, फाटकाला कुलूप, धक्क्यावर दुसरं कोणी नाही. बोट साडेबाराला पाण्यात गेली म्हणून यतीन दर तासाच्या अर्ध्यावर पंप मारत होता आणि आकडे चिकटपट्टीच्या तुकड्यावर लिहीत होता, इंग्रजीत. साडेआठला एकाहत्तर. साडेनऊला सहासष्ट. झाकण त्यानं उघडलंही नाही. साडेबाराला अठ्ठावन्न. पाणी अजून जोरात येत होतं. त्यानं फोनवर दीडचा गजर लावला, कंदील बारीक केला आणि पाठ टेकली.

हसलीस ना, दिया? कळलं तुला. त्या रात्री या देशात दीड वाजतच नाही. एक वाजता एकदम दोन होतात. बारा वर्षं जो तास त्याच्या छातीवर बसला होता, नेमका तोच तो पुन्हा विसरला.

गजर वाजला नाही.

त्याला जाग आली ती आवाजानं.

पंपाचा आवाज. खर्र... खळ्ळ. खर्र... खळ्ळ.

आधी त्याला वाटलं, यार्डवाला म्हातारा आला. मग आठवलं, फाटकाला कुलूप आहे. कंदील विझलेला होता. समोर हातभर अंतरावर पंप, आणि काही म्हणजे काही दिसत नव्हतं.  

खर्र... खळ्ळ.

आणि त्याबरोबर, अगदी हळू, दम लागलेल्या माणसाचा...

"तेहेतीस... चौतीस..."

यतीननं डोळे गच्च मिटले.

"पस्तीस..."

मध्ये बराच वेळ गेला.

"छत्तीस."

पंप थांबला.

मग बिजागरी कुरकुरली. झाकण उचललं गेलं. लाकडावर काहीतरी खरडल्याचा बारीक आवाज... झाकण खाली. मग समोरच्या बाकावर कोणीतरी बसलं. दिसलं नाही. पण छोटी बोट आहे ती. कोणी एका अंगाला बसलं की तिकडे कलते. 'जाई' तिकडे कलली.

आणि तशीच राहिली.

कोणी हललं नाही. श्वास मात्र ऐकू येत होता... मधेच अडकणारा. यतीन डॉक्टरचा मुलगा. तो श्वास कसला, हे त्याला कळत होतं. उठून हात पुढे केला असता तर पोचला असता. त्याला ते करायचं होतं. खरंच करायचं होतं. मला सांगताना तो रडला. म्हणाला, "काका, मी उठलो नाही. परत नाही उठलो."

श्वास विरळ होत गेला. मग...

मग नुसतं पाणी.

बोट तरीही कललेलीच. वाट पाहत बसलेल्या माणसाची असते तशी. किती वेळ, ते त्याला कळलं नाही. लांब कुठेतरी चर्चच्या घड्याळाचे ठोके पडले. एक. दोन. तीन.

'जाई' सावकाश सरळ झाली.

उजाडेपर्यंत तो जागचा हलला नाही. दिसायला लागलं तेव्हा त्यानं तळात हात घातला. अडीचला, साडेतीनला, साडेचारला, त्यानं एकदाही पंप मारलेला नव्हता. पाणी गुडघाभर असायला हवं होतं. तळ कोरडा होता. झाकणाकडे त्यानं पाहिलं, पण उघडायचं धाडस झालं नाही.

नऊला वहिनी आल्या. नवी साडी, वर जाडजूड कोट, हातात श्रीखंडाचा डबा. यतीननं त्यांना हाताला धरून आत उतरवलं. त्या बोटीच्या कडेवरून हात फिरवत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण चेहरा खुलला होता.

"अगदी होती तशी केलीस रे. उशी कुठाय? कप्प्यातच असायची ना?"

"आई, थांब. मी देतो."

पण त्यांनी झाकण उचललेलं होतं.

त्या बघत राहिल्या. चष्मा सारखा केला. पुन्हा बघितलं.

"हे यांचं अक्षर. तू हे ठेवलंस होय?" मग त्यांनी सावकाश वाचलं. "दोन... छत्तीस."

यतीन त्यांच्या हातातलं झाकण धरायला पुढे झाला.

"दोनला?" वहिनी म्हणाल्या. "दोनला तर तू आला होतास ना, यतीन?"

बारा वर्षं ज्या प्रश्नाला तो घाबरत होता, तो हा एवढासा होता. खोटं बोलता आलं असतं. त्या मानून गेल्या असत्या, त्यांना मानायचंच होतं. पण रात्री समोर बसलेला तो माणूस...

"नाही आई. तीनला. माझी घड्याळ मागे राहिली होती. हा आकडा मी पुसला होता."

वहिनींनी चष्मा काढला. नदीवर एक बदक ओरडत होतं.

"म्हणजे तासभर हे एकटेच बसले होते," त्या म्हणाल्या.

बास. पुढे एक अक्षर नाही. रागावल्या नाहीत, जवळही घेतलं नाही. झाकण लावलं आणि समोरच्या बाकावर जाऊन बसल्या, रात्री बोट जिकडे कलली होती तिकडे. 'जाई' पुन्हा तशीच कलली. श्रीखंडाचा डबा मांडीवर तसाच राहिला. दुपारी यतीननं त्यांना घरी नेलं. त्या दिवसापासून 'माझा यतीन वेळेवर गेला होता' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही.

मे महिन्यात मी साउथहॅम्प्टनला गेलो तेव्हा यतीन मला यार्डात घेऊन गेला. म्हटलं, याला भास झाला असेल, झोपेत यानंच लिहिलं असेल. मीही काही लगेच विश्वास ठेवणारा नाही. मी स्वतः झाकण उचललं. एकच ओळ, पेन्सिलीची. ज्ञानेश्वरची पत्रं माझ्याकडे आहेत, त्याचा तीन मी ओळखतो.

यतीनसारखाच मी अंगठा ओला केला आणि घासून पाहिलं. हाताला ओरखडा लागत नाही. गुळगुळीत व्हार्निश आहे, सहाच्या सहा हात.

पेन्सिल त्याच्या खाली आहे.