मायचा दम

अर्पिताची हळद दोन दिवसांवर आली होती. तिचं एकच मागणं होतं, गाणं मायचंच पाहिजे, पण त्यावर नाचता आलं पाहिजे. म्हणून तिच्या भावानं, अंगदनं, मायचं, दैवशालाचं, हळदीचं गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं आणि भर दुपारी बदनापूरच्या घरात, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत लॅपटॉपपुढं बसला. लग्नात वाजवायची गाणी तो अशीच बनवायचा.

मायचा आवाज खणखणीत. पण प्रत्येक ओळीआधी ती मोठ्यानं दम घ्यायची आणि तो नेमका ठोक्यावर यायचा. अंगद एकेक दम कापत गेला. अकरा होते. शेवटचा गेला तेव्हा गाणं कसं गुळगुळीत झालं, पण ऐकताना त्यालाच गुदमरायला लागलं. त्यानं हेडफोन काढले.

खालून अर्पिता किंचाळत होती. "दादा, जल्दी ये! माय कसं तरी करून राह्यली!"

दैवशाला पिठाच्या परातीशेजारी पडली होती. ओठ काळेनिळे. शेजारच्या लतीफभाईंनी टेम्पो काढला. जालन्याच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला, तपासण्या झाल्या. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "छाती साफ आहे. तरी श्वास आत जाईना... का, ते कळत नाही."

मायनं अंगदचं मनगट धरलं. मास्कखालून शब्द जेमतेम फुटले.

"बाळा... गाण्यात... मला दमच घेऊ देईनास..."

अंगद उठून बाहेर धावला. आपण काय कापलं, ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

लतीफभाईंनी टेम्पो परत घराकडं दामटला. वाटेत अंगदनं मोबाइलमधलं मूळ गाणं लावलं. त्याला तर हातही लावला नव्हता. तरी त्यातही दम नव्हते. ओळ संपली की नुसती मुकी पोकळी, मग पुढची ओळ.

घरी कापलेलं काही परत येईना. शेवटी माइक तोंडाशी धरून त्यानं त्या पोकळ्यांत स्वतःचेच दम भरले. पहिला हुंदक्यासारखा आला. तो तसाच ठेवला. अकरावा भरला आणि फोन वाजला.

"दादा... मायनं दम घेतला! डोळे उघडले तिनं!"

"फोन तिच्या तोंडाजवळ धर."

नीट ऐकू यावं म्हणून अंगदनं श्वास रोखला. पलीकडं दवाखान्यातलं यंत्र ओरडायला लागलं.

"दादा, परत थांबली रे!"

घाबरून त्यानं श्वास ओढला. फोनमधूनही तसाच आवाज आला. तेवढाच लांब, तसाच थरथरता.

पुढं ढकललेली हळद पंधरा दिवसांनी झाली. दैवशाला हसतमुखानं लेकीशेजारी बसली. गाणं मात्र कुणी लावलं नाही.

अंगद पट्टीचा पोहणारा. त्या उन्हाळ्यात एकदा तो मळ्यातल्या विहिरीवर गेला, काठावर बराच वेळ उभा राहिला आणि कपडे न काढताच घरी परतला. दैवशाला दारातच बसली होती, छातीवर हात ठेवून.

"बरं केलंस बाळा," ती हळूच म्हणाली, "न्हाई उतरलास ते."